१२ हजारांत गाडीचा अ‍ॅम्प: ४००० वॉटचा की २०० वॉटचा?

कृष्णाकाठ
माझी २०१४ ची स्विफ्ट डिझेल. सांगली–पुणे जाणं-येणं बरंच, शेजारच्या सीटवर बाबा. त्यांना नाट्यगीतं आणि अभंग लागतात. गावात ठीक ऐकू येतं, पण हायवेवर ८० च्या पुढे गेलं की तंबोरा गायब आणि गायक टायरच्या आवाजात बुडालेला. व्हॉल्यूम वाढवला की आवाज फाटतो.

स्टिरिओ कंपनीचा आहे, तो बदलायचा नाही. पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर नवे टाकलेत (६० वॉट आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद; एका वॉटला ९१ डीबी, म्हणजे डेसिबल आवाज). दुकानदाराने दोन चार-चॅनल अ‍ॅम्प (चार स्पीकर चालवणारे अ‍ॅम्प्लिफायर) दाखवले. एकाच्या खोक्यावर ४००० वॉट, किंमत साडेचार हजार. दुसऱ्यावर ५० वॉट आरएमएस गुणिले ४, किंमत साडेसात. ४००० सोडून २०० ला जास्त पैसे का द्यायचे? बजेट फिटिंगसकट १२ हजार. धडधड नको, डिकी रिकामी हवी.

बेसवाला_पिंट्या
भावा, अ‍ॅम्पचं नंतर बघ. आधी सीटखाली बसणारा अ‍ॅक्टिव्ह सब (आतच अ‍ॅम्प असलेला बेसचा स्पीकर) टाक. डिकीपण रिकामी राहते. गाडी हलली पाहिजे!

तारजोड
पिंट्याभाऊ, काकांना नाट्यगीत ऐकायचंय, लग्नाची वरात नाही काढायची.

कृष्णाकाठ, मी मिरजेत गाड्यांचं वायरिंग करतो. खोकं वाचू नका, अ‍ॅम्पवरचा फ्यूज वाचा. गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात. फ्यूज २५ अँपिअरचा एकच असेल, तर आत जाणार फार तर ३५० वॉट. एबी क्लास या नेहमीच्या प्रकारचा अ‍ॅम्प त्यातले साठेक टक्के स्पीकरला देतो, उरलेल्यात तापतो. म्हणजे झाले २१० वॉट, सगळे चॅनल मिळून. खरे ४००० वॉट हवे असतील तर २८५ अँपिअर लागतील, तेही काहीच वाया न जाता. तुमचा अल्टरनेटर त्याच्या आसपासही पोचत नाही. तर तो साडेचार हजारवाला परत ठेवा.

पण साडेसातवालाही घेऊ नका. ऐकणारे दोघं, दोघंही पुढे. चार चॅनल कशाला? दोन चॅनलचा, ४ ओमच्या स्पीकरला ५०-६० वॉट आरएमएस असलेला घ्या, डी क्लास मिळाला तर उत्तम, कमी तापतो आणि सीटखाली मावतो. त्याला हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या तारेतूनच सिग्नल घेणारं) हवंच, कारण कंपनीच्या स्टिरिओला आरसीए, म्हणजे अ‍ॅम्पला सिग्नल देणारं वेगळं सॉकेट नसतं. मागचे स्पीकर आहेत तसे स्टिरिओवर राहू द्या, फेडर (पुढे-मागे आवाज वाटणारं सेटिंग) पुढे सरकवा.

आता खरं सांगतो. तुमचा स्टिरिओ प्रत्यक्षात चॅनलमागे १५-२० वॉट देत असेल. २० चे ५० झाले तर आवाज ४ डीबीने वाढतो, बस. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. फरक पडणार आहे तो फाटण्यात. शिवाय अ‍ॅम्पमध्ये हाय-पास (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचे सूर अडवणारा फिल्टर) असतो. तो लावला की खालचा बेस स्पीकरला ढकलावा लागत नाही, गळा मोकळा होतो. दुकानात डोळे झाकून ८० हर्ट्झला लावतात. तुम्ही ७० च्या आसपास ठेवा. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, ७० हर्ट्झच्या जवळ येतो. (तंबोऱ्यांच्या गावात राहतो, एवढं तरी कळायला हवं.)

वाचलेल्या पैशांत पुढची दोन्ही दारं उघडून आतल्या पत्र्याला ब्युटाइलचं डॅम्पिंग (थरथर मारणारी चिकट रबरी शीट) लावून घ्या. मला विचाराल तर अ‍ॅम्पच्या आधी हेच करा. पत्रा थरथरायचा थांबला की आहे तो स्पीकरच वेगळा वाजतो.

कृष्णाकाठ
चार चॅनलचा विषय संपला! वायरिंगचं किट दुकानदार १२०० ला देतोय, तारेची जाडी ८ गेज. चालेल?

तारजोड
गेज पुरेसं आहे, तार कसली आहे ते बघा. टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. शुद्ध तांबं घ्या, महाग पडलं तरी. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत २० अँपिअरचा फ्यूज हवाच. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो. बॉनेटखाली तार घासून पत्र्याला टेकली तर तिथे तोच वाचवतो. अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या पत्र्याला जोडा, सीटच्या गंजलेल्या बोल्टला नको. रेसबरोबर चढणारी कुंई-कुंई बहुतेक वेळा तिथूनच येते. आणि स्टिरिओच्या तारा कापू देऊ नका, स्विफ्टचा कपलर (तयार जोड-प्लग) मिळतो.

घाटमाथा
डिझेलचा आवाज फायरवॉलमधूनही (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) येतो, तिथे काही लावायचं का?

तारजोड
डॅशबोर्ड उतरवावा लागतो. या बजेटमध्ये नको.

कृष्णाकाठ
आणि अ‍ॅम्पवरचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) किती ठेवायचा?

तारजोड
गेन पूर्ण खाली, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमला. मग गेन हळूहळू वाढवा, फाटायला लागलं की थोडं मागे या. फक्त हे जुन्या नाट्यगीतावर करू नका. त्यांचं रेकॉर्डिंग बहुतेक हळू आवाजाचं असतं, तुम्ही गेन चढवून ठेवाल आणि पुढचं नवं गाणं लागलं की फाटेल. एखादं आजचं दणकट गाणं लावून सेट करा. बाबांना तेवढा वेळ चहाला पाठवा.