विषय: पुढची काच बदलली आणि आता पाणी आत – नागपूरच्या गाडीचं काय करावं?

प्रेषक: न्यू जर्सी (मूळ प्रतापनगर)

मंडळी, नमस्कार.

बाबांची गाडी नागपुरात आहे. दोन वर्षांची छोटी एसयूव्ही, आरशामागे कॅमेरा असलेली. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका गॅरेजने विम्याच्या कॅशलेसवर पुढची काच बदलली. त्यानंतरची स्थिती अशी: डाव्या ए-पिलरवर (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर) बोटभर लांबीचे दोन खोल ओरखडे, डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्याला चिरा, ऐंशीच्या पुढे शिट्टीसारखा आवाज, कॅमेऱ्याचा पिवळा दिवा कायम, आणि पहिल्या पावसानंतर डावीकडचा गालिचा ओला. गॅरेजवाले म्हणतात, "घेऊन या, कडेनं सिलिकॉन फिरवून देतो." फिरवू द्यावं का? विम्यात पुन्हा काही मिळतं का? आणि इथे बसून मी काय करू शकते?

प्रेषक: डेट्रॉइट

ताई, आधी उत्तर: सिलिकॉन अजिबात नाही. काच पुन्हा काढावी लागेल, आणि काढण्याआधी व काढताना फोटो हवेत.

आजच्या गाड्यांची काच रबरात अडकवलेली नसते. ती पत्र्याच्या कडेला पॉलियुरेथेनने, कारागिरांच्या तोंडी पीयूने, चिकटवलेली असते. छपराला बळ देण्यात तिचा वाटा असतो. बऱ्याच गाड्यांत डाव्या सीटची एअरबॅग फुगताना आधी काचेला टेकते आणि मग माणसाकडे वळते. त्यामुळे "थोडंसं गळतंय" हा फक्त पाण्याचा प्रश्न नाही.

पिलरवर ओरखडे आहेत म्हणजे जुना पीयू कापताना तार किंवा सुरी घसरली. बाहेर घसरलेला हात आत, काचेखालच्या कडेवरही घसरला असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो भाग आज कुणालाच दिसत नाही. रीत अशी की जुना पीयू खरवडून पत्रा उघडा करायचा नाही. एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून वरचा भाग सपाट तासायचा, कारण नवा पीयू ताज्या कापलेल्या जुन्या पीयूलाच सगळ्यात घट्ट धरतो. जिथे रंग उडून पत्रा चमकला तिथे पीयूच्याच कंपनीचा प्रायमर लावायचा आणि डेटाशीटवर लिहिलेली मिनिटं तो सुकू द्यायचा. हे टाळलं की ओरखड्यात गंज धरतो, गंज रंगाखाली पसरतो, आणि शेवटी पीयू रंगापासून न सुटता रंगासकट उचलला जातो. पीयू चांगला, काच चांगली, तरी सांधा सुटलेला.

आता किती पीयू लागतो ते पाहा, बिल तपासायला कामी येईल. काचेचा घेर सव्वाचार मीटर धरा. पट्टा गोल सुतळीसारखा नको, त्रिकोणी हवा, त्यासाठी नोझलला व्ही आकाराची खाच कापतात. पाया ८ मिमी, उंची १२ मिमी असेल तर छेद ४८ चौरस मिमी, म्हणजे साधारण २०० मिलि. ३१० मिलिच्या एका ट्यूबमध्ये आरामात बसतं. पण कड खोल असली आणि पट्टा १० बाय १४ लागला तर तेच गणित ३०० मिलिवर जातं. मग एका ट्यूबवाला कारागीर शेवटच्या हातभर अंतरात पट्टा बारीक करत आणतो, नाहीतर तिथेच थांबून दुसरी ट्यूब कापेपर्यंत पहिल्या टोकावर साय धरते. गळती बहुधा अशाच सांध्यावर सापडते. बिलात किती ट्यूब आहेत ते बघा.

मेचा शेवटचा आठवडा म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले दिवस. पीयू हवेतल्या ओलाव्यावर पिकतो. प्रमाणित स्थितीत, म्हणजे २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला, दिवसाला तीन-चार मिलिमीटर. नागपूरच्या त्या दुपारी दोन गोष्टी उलट्या दिशेने ओढतात: उष्णतेने वरची साय लवकर धरते, म्हणून काच टेकवायला मिळणारा वेळ कमी होतो, आणि कोरड्या हवेत आतला गाभा मात्र सावकाश पिकतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर भर दुपारी अंगणात काम झालं असेल तर काच बसवताना पट्टा नीट दबलाच नसेल. काम सकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना करायचं.

प्रेषक: नागपूर, वर्धा रोड

ताई, पाणी काचेतूनच येऊन राहिलं हे आधी पक्कं करा. इथे गाड्या कडुनिंबाखाली उभ्या असतात. वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीत पानं भरतात, निचऱ्याची भोकं बुजतात, आणि पाणी एसीच्या हवेच्या वाटेनं खाली गालिच्यावर उतरते. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्याही पिलरमधूनच येतात, तीही शंका काढून टाका.

चाचणी अशी. पिलरचं आतलं प्लास्टिक काढा. त्यात पडद्यासारखी एअरबॅग असते आणि पुष्कळ गाड्यांत त्याची क्लिप एकदाच वापरायची असते, म्हणून नवीन क्लिपा आधी आणून ठेवा. एक माणूस आत टॉर्च आणि कोरडा टिश्यू घेऊन बसेल. बाहेरचा माणूस साध्या पाइपानं, बोट न दाबता, पाणी सोडेल: सुरुवात काचेच्या खालच्या कडेपासून, मग बाजू, शेवटी छपराची कड. प्रत्येक जागी तीन-चार मिनिटं. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे जातात आणि सगळंच गळल्यासारखं वाटते. प्रेशर वॉशर अजिबात नको. थेंब दिसला की मोबाइलवर व्हिडिओ घ्या, फ्रेममध्ये बाहेरचा पाइपही दिसू द्या.

शिट्टीसाठी काचेच्या एका बाजूच्या कडेवर मास्किंग टेप चिकटवा आणि आउटर रिंग रोडवर ऐंशी-नव्वदनं न्या. आवाज बंद झाला तर ती बाजू दोषी. नाही झाला तर टेप दुसऱ्या बाजूला. समृद्धीवर १२०ची परवानगी आहे म्हणून तिथे जाऊन तपासू नका. जिच्या चिकटवणीवर शंका आहे अशी काच घेऊन एवढ्या वेगात कशाला जायचं?

गालिचा मात्र थांबणार नाही. वरून हात फिरवला तर कोरडा लागते, पण खालचा फोम स्पंजसारखा पाणी धरून बसते. डावी सीट काढायची, गालिचा उचलायचा, फोम बाहेर काढून वाळवायचा. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावण्याआधी बॅटरी काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं थांबा. कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून बसते. डॅशबोर्डखाली त्या बाजूला फ्यूज बॉक्स किंवा कंट्रोल युनिट असेल तर त्याची कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट-पांढरं काही दिसते का त्याचा जवळून फोटो काढा.

आणि जुनी काच गेली तसा फास्टॅगही गेला असेल. बँकेकडून नवा घ्यायला काकांना सांगा, नाहीतर खापरी ओलांडून पुढच्या टोलवर जास्तीचे पैसे भरावे लागतील.

प्रेषक: न्यू जर्सी

दादा, घोळ झाला. बाबांनी काल गाडी नेली आणि गॅरेजवाल्यांनी डावीकडून सिलिकॉन लावून पाठवली. व्हिनेगरसारखा वास येतोय म्हणाले. आता?

प्रेषक: डेट्रॉइट

व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटिक ॲसिड सोडणारं सिलिकॉन, मत्स्यालयाच्या काचा चिकटवतात त्या जातीचं. उघड्या पत्र्यावर ते पडलं की गंजाला निमंत्रणच. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनच्या पुसटशा थरावरही पीयू धरत नाही, आणि तो थर थिनरने पुसून जात नाही, उलट पसरतो. प्लास्टिकच्या पट्टीने मोठा भाग सोलायचा, उरलेला पात्याने आणि घासून काढायचा. जुन्या पीयूच्या ज्या लांबीला सिलिकॉन लागलंय, तिथे तो पीयूही मुळापासून तासून टाकायचा आणि पत्र्यापासून नवी सुरुवात करायची. वापरलेली चिंधी दुसऱ्या बाजूला नेऊ नका. सिलिकॉन लावलेल्या कडेचे फोटो आजच घ्या, तेही पुरावाच आहेत.

काच काढल्यावर कडेवर गंज दिसला तर: चमकता पत्रा लागेपर्यंत घासणे, दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, पूर्ण वाळवणे. ज्या पट्टीवर पीयू बसणार तिथे वरचा रंग आणि लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) येऊ देऊ नका, मास्किंग करा. डेंटर हौसेने ती कडही गाडीच्या रंगात चकाचक करतो, आणि त्या ताज्या लॅकरवर काच चिकटवली की सांध्याची ताकद लॅकरच्या पकडीएवढीच उरते.

तीच काच पुन्हा वापरता येते, कडेचा काळा पट्टा खरवडला नसेल तर. नवी घेतली तर काचेच्या कोपऱ्यातली छपाई वाचा: आयएसआय खूण आणि आयएस २५५३ हवं, आणि पुढची काच लॅमिनेटेडच हवी.

प्रेषक: मेलबर्न

फक्त कॅमेऱ्यापुरतं लिहितो. दिवा स्कॅनरने मिटवून देतील, त्याला कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, म्हणत नाहीत. कॅमेरा एक अंश वाकडा बसला तर ५० मीटर पुढे त्याचा अंदाज साधारण ८७ सेंटिमीटर चुकतो, म्हणजे लेनच्या पट्ट्याच्या आतलं वाहन बाहेर आणि बाहेरचं आत. काच पक्की बसून पीयू पिकल्यावरच कॅलिब्रेशन करायचं. सपाट जमीन, टायरमध्ये बरोबर हवा, डिकी रिकामी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट छापून घ्या. तोवर लेन असिस्ट आणि ऑटो ब्रेक यांच्यावर भरवसा ठेवू नका. पावसाचा सेन्सर असेल तर त्याखालचं जेल पॅड नवं हवं, जुन्यात हवेचे बुडबुडे राहतात आणि वायपर भलत्या वेळी फिरतात.

प्रेषक: नागपूर, सिव्हिल लाइन्स

विम्याचं आधी. प्रमाणित मोटार पॉलिसीत काचेवर घसारा शून्य असतो, पण प्लास्टिक-रबरवर ५० टक्के कापतात, आणि सक्तीची वजावट (क्लेममधला आपल्या खिशातून जाणारा भाग) १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, १५०० सीसीच्या वर २००० रुपये. मात्र गळतीमुळे बिघडलेलं इलेक्ट्रॉनिक युनिट या पॉलिसीत बसवणं अवघड, कारण परिणामी नुकसान आणि विद्युत बिघाड वगळलेले असतात. शिवाय नवा क्लेम टाकला की नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा) प्रश्न येतो. म्हणून हे ओझं विम्यावर टाकण्याआधी ज्याने काम केलं त्याच्यावर टाका. कॅशलेस गॅरेज विमा कंपनीच्या यादीतलं असल्याने कंपनीच्या तक्रार कक्षालाही ईमेल करा, क्लेम क्रमांकासह.

गॅरेजला लेखी कळवायचं: कामाची तारीख, जॉब कार्ड, काय-काय बिघडलं, काय हवंय, १५ दिवसांची मुदत. स्पीड पोस्टने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५मध्ये त्यातच विलीन झालं आहे. सोबत दुसऱ्या गॅरेजचं लेखी निरीक्षण आणि अंदाजपत्रक जोडा. फोनवर भांडण करून उपयोग नाही, त्याची नोंद कुठेच राहत नाही.

दाद न मिळाल्यास आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा करता येतो, म्हणून नागपूर पक्कं. मुदत दोन वर्षे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होतं, सुनावणीला व्हिडिओने हजर राहण्याची सोयही कायद्यात आहे. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर तक्रारदार तेच; तुम्ही त्यांचं अधिकारपत्र घेऊन काम पाहू शकता.

दुरुस्तीआधी गॅरेजला काच काढण्याची तारीख कळवा आणि हजर राहायला बोलवा. आले नाहीत तरी चालेल, बोलावल्याची पोच ठेवा. नंतर "आमच्यामागे दुसऱ्यानेच पत्रा खरवडला" हे म्हणायची जागा राहत नाही.

प्रेषक: नागपूर, वर्धा रोड

एक राहिलं, पिलरच्या रंगाचं. नख अडकत नसेल तर टचअप चालते. तुमचे खोल आहेत, म्हणजे पूर्ण रंगकाम. पिलर अरुंद असते आणि वरती छपराशी सलग, म्हणून लॅकर मध्येच तोडला तर महिन्याभरात ती रेघ दिसते. तो कुठल्या सांध्यापर्यंत नेणार ते अंदाजपत्रकात लिहून घ्या.

काच बसवायच्या दिवशी काकांना सकाळी आठला पाठवा, छप्पर असलेल्या शेडमध्ये. बसवल्यावर टेप २४ तास काढू देऊ नका, एक खिडकी बोटभर खाली ठेवा, दारं आपटू नका. किती तासांनी गाडी काढायची ते ट्यूबवर छापलेलं असते, त्या ट्यूबचा फोटो काढून इथे पाठवा, डेट्रॉइटवाले दादा वाचून सांगतील.