टार-जीझेड फाइल उघडत नाही, आत बाबांच्या वह्या आहेत

प्रश्न:
बाबांच्या काटोलच्या संत्राबागेच्या वह्या सीताबर्डीत एका दुकानातून स्कॅन करून घेतल्या. पेनड्राइव्हवर एकच टार-जीझेड फाइल (अनेक फाइली एकत्र बांधून जीझिपने दाबलेलं गाठोडं) मिळाली. उबुंटू लिनक्सवर ती उलगडायला टार -एक्सझेडएफ दिलं की 'नॉट इन जीझिप फॉरमॅट' येतं. बाबा आता नाहीत, मूळ वह्यांना वाळवी लागली आहे. फाइल खराब झाली का हो?

उत्तर १:
भाऊ, घाबरू नका. नावाच्या शेपटीवर जाऊ नका. 'फाइल' कमांड चालवा, ती आतले बाइट पाहून खरा प्रकार सांगते.

उत्तर २:
झेड म्हणजे 'ही जीझिपने दाबलेली आहे' असं सांगणं; तो काढा, नुसतं -एक्सएफ द्या. उबुंटूतला टार, म्हणजे ग्नू टार, 1.15 आवृत्तीपासून, म्हणजे 2004 पासून, उलगडताना प्रकार स्वतःच ओळखतो. पण आधी -टीएफ देऊन यादी बघा, नाहीतर सगळी पानं होम फोल्डरभर सांडतील. वेगळं फोल्डर करा अन् कॅपिटल सी लावून त्याचं नाव द्या. फोल्डर आधीच असावं लागतं, टार ते बनवत नाही.

प्रश्नकर्ता:
'फाइल' कमांडचं उत्तर 'पॉझिक्स टार आर्काइव्ह' आलं, म्हणजे नुसतं टार! दाबलेली नव्हतीच, नाव तेवढं चुकीचं होतं. सगळी पानं निघाली राजेहो. पहिलंच पान मृग बहाराच्या हिशेबाचं, बाबांच्या निळ्या शाईतलं.

उत्तर १:
आजच दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या.