एसएसडी अचानक गेली, साइज शून्य दाखवतेय. फॉरमॅट मारू का?

पाणकोंबडी:
नमस्कार, जरा घाईत लिहितेय. माझ्या लॅपटॉपमधली ५१२ जीबीची साटा एसएसडी काल रात्री गेली. काम चालू असतानाच लॅपटॉप धाडकन बंद पडला, परत चालू केला तर विंडोज येईचना. ड्राइव्ह काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसते पण साइज शून्य, आणि वर इनिशियलाइज करा (म्हणजे कोरी डिस्क म्हणून नव्याने तयार करा) म्हणून मेसेज. तिच्यात पक्ष्यांच्या आवाजांची चार वर्षांची रेकॉर्डिंग आहेत, पहिल्या दोन वर्षांचा बॅकअप आहे, पुढचा घेऊ घेऊ म्हणता राहूनच गेला. एक मित्र म्हणतो इनिशियलाइज कर, फॉरमॅट मार आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालव, त्याची हार्ड डिस्क अशीच वाचली होती. करू का?

चिपखाना:
नका करू ताई, प्लीज. हार्ड डिस्कला क्विक फॉरमॅट मारला तरी डेटा जागेवरच असतो, म्हणून त्यांचं काम झालं. एसएसडीला विंडोज फॉरमॅट करताना ट्रिम कमांड पाठवतं, म्हणजे "ही सगळी जागा आता मोकळी", आणि त्यानंतर कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी आतली चिप) तिथून बहुतेक वेळा नुसते शून्य परत देतो. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा. आत्ता साइज शून्य आहे म्हणून इनिशियलाइज होणारही नाही, पण ड्राइव्ह मधेच जागी झाली आणि नेमकं तेव्हा ते बटण दाबलं गेलं तर पंचाईत.
शून्य साइज म्हणजे विंडोजचा दोष नाही, ड्राइव्हच्या आतला कंट्रोलर अडकलाय. एसएसडी डेटा सलग ठेवत नाही, सगळ्या चिप सारख्या झिजाव्यात म्हणून तुकडे इकडेतिकडे विखरून ठेवते आणि कुठला तुकडा कुठे आहे याचा एक नकाशा सांभाळते. तो लिहिला जात असताना पॉवर गेली की असं होऊ शकतं. रेकॉर्डिंग चिपमध्ये असण्याची चांगली शक्यता आहे, फक्त पत्ता हरवलाय.

रात्रपाळी:
एक करून बघा, माझी अशीच गेलेली ड्राइव्ह याने परत आली होती. केसिंग कॉम्प्युटरला न लावता मोबाइलच्या चार्जरला लावा, म्हणजे नुसती पॉवर मिळेल, कोणी काही वाचायला मागणार नाही. अर्धा तास तसंच ठेवा, मग काढून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा अर्धा तास. कंट्रोलरला नकाशा परत जुळवायला वेळ मिळतो. नेहमी चालेलच असं नाही.

जुनाकीबोर्ड:
पण पॉवर दिली की एसएसडी आतल्या आत साफसफाई सुरू करते ना? मी तर ऐकलंय की लगेच बंद करायची.

चिपखाना:
बरोबर ऐकलंय, पण ते चुकून फाइल डिलीट झाल्यावर. तेव्हा ट्रिम झालेली जागा ड्राइव्ह स्वतःच पुसत बसते म्हणून पॉवर तोडायची. इथे काही डिलीट झालेलं नाही. फक्त ड्राइव्ह गरम लागली किंवा दोनदा करूनही नाही आली तर थांबा, आणि फर्मवेअरच्या (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) पातळीवर काम करणाऱ्या लॅबला द्या. हो, फर्मवेअर अपडेट तर आत्ता अजिबात करू नका. चिप काढून वाचू म्हणणाऱ्यांना आधी विचारा की कंट्रोलर डेटा एन्क्रिप्ट करून ठेवतो का, तसं असेल तर कंट्रोलरशिवाय त्या चिपमधून हाती काही लागत नाही.

पाणकोंबडी:
आली!!! दुसऱ्या वेळेला पूर्ण ५१२ जीबी दिसली, हात थरथरतायत अक्षरशः. फोल्डर उघडून कॉपी करायला घेऊ?

चिपखाना:
वा! पण फोल्डर उघडू नका, विंडोजने चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करू का) विचारलं तरी नाही म्हणा. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, ऑटोमाउंट (ड्राइव्ह आपोआप उघडणं) बंद करा आणि डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या ड्राइव्ह वाचणाऱ्या प्रोग्रॅमने अख्ख्या ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, मोठ्या डिस्कवर घ्या. मॅपफाइल (काय वाचून झालं याची नोंद) द्यायला विसरू नका, ड्राइव्ह मधेच गेली तर पुढे तिथूनच सुरू करता येतं. सोर्स कुठला आणि डेस्टिनेशन कुठलं हे साइज बघून दोनदा तपासा, उलटं झालं तर सगळं संपलं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की पण शोधून ठेवा, इमेज उघडायला लागेल.

पाणकोंबडी:
रात्रभर चाललं. मधे एकदा ड्राइव्ह गायब झाली, काढून परत लावली आणि मॅपफाइलमुळे पुढे चालू झालं. इमेज रीड-ओन्ली माउंट केली, रेकॉर्डिंग जवळजवळ सगळी उघडतायत, सात फाइलींमध्ये मधेच शांतता आहे. दोन कॉप्या वेगळ्या डिस्कवर घेतल्या. ड्राइव्ह आता परत वापरता येईल का?

रात्रपाळी:
नाही, तिच्यावर भरवसा नको. पण त्या सात फाइलींचं समाधान होईपर्यंत फेकूही नका, डीडीरेस्क्यू त्याच मॅपफाइलने रीट्राय पर्याय देऊन परत चालवा, फक्त राहिलेले सेक्टर वाचेल. एखाददुसरी फाइल अजून भरून निघू शकते.