मदत हवी आहे: नाशिकहून पुण्याला प्राध्यापकपदाची मुलाखत, साडी कोणती आणि बदलायची कुठे?

गुरुवारी सकाळी साडेदहाला पुण्यात सहायक प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. अंतर २०० किलोमीटरच्या वर, त्यात चाकणला गाड्या तुंबल्या की वेळेचा हिशेब कोलमडतो. म्हणून पहाटेची बस, मुक्काम नाही.

खळ घातलेली सुती साडी नेसून पाच-सहा तास बसलं की मांडीखाली आडव्या चुण्या पडतात. घामाने खळ मऊ होते आणि वाळताना चुणीसकट कडक होते, मग हाताने कितीही सारखी करा, जात नाही. लिननचंही तेच. त्यामुळे प्रवास सलवार-कुर्त्यात, साडी बॅगेत. घडीऐवजी गुंडाळी केली तर क्रेप छान राहते, पण तिच्या निऱ्या सुळकन सुटतात. कॉटन-सिल्क निऱ्या धरते, मात्र चुरगळते. तुम्ही कोणती निवडाल?

डेमो लेक्चरही आहे. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना हात उंचावला की आखूड ब्लाऊज वर सरकतो, म्हणून दीड इंच लांब शिवून घेतलाय. गडद रंगावर खडूची पूड लगेच दिसते, त्यामुळे बदामी किंवा फिकट राखाडी घेईन. पदर निऱ्या घालून खांद्याला पिन.

खरी अडचण जागेची. बसस्थानकाच्या स्वच्छतागृहात फरशी ओली असते, साडीचा काठ भिजतो, शिवाय मूळ प्रमाणपत्रांची फाइल ठेवायची कुठे? शिवाजीनगरच्या आसपास अर्ध्या तासासाठी आरसा असलेली कोरडी खोली मिळते का? की कुर्ता आणि दुपट्ट्यावरच मुलाखत दिली तर चालेल? निवड समितीत बसलेल्यांनी कृपया सांगावं.