बटण बंद, तरी पडवीतला दिवा मिणमिणतोय – मदत हवी आहे

लांज्याच्या पुढे आमचं जुनं कौलारू घर आहे. बाबा तिथे एकटेच असतात, वय ७८. गेल्या मे महिन्यात सगळं वायरिंग नवं करून घेतलं, साधे पिवळे बल्ब काढले आणि सगळीकडे एलईडी लावले. तेव्हापासून तीन भानगडी मागे लागल्यात.

पडवीतला बल्ब बटण बंद केलं की विझतो, पण पुरता नाही. काजव्याएवढा उजेड रात्रभर राहतो. बाबा खूश आहेत, म्हणतात झिरोच्या दिव्याचं बिल वाचलं. (तो झिरोचा दिवा १५ वॅट खायचा, पण त्यांना कोण सांगणार!)

माळ्याच्या जिन्यातला त्याहून वरताण. बंद केला की सात-आठ सेकंदांनी एकदा लुकदिशी चमकतो, परत अंधार. भाचा रात्री पाणी प्यायला उठला होता, तो बोंबलतच अंथरुणात शिरला.

न्हाणीघरातल्याची रड वेगळी. तिथे काचेचा बंद गोल आहे आणि त्यात कुठलाही बल्ब चार महिन्यांच्या वर टिकत नाही. खोक्यावर २५,००० तास लिहिलंय. रोजचे ३ तास धरले तरी बावीस वर्षं होतात! उलट उजाला योजनेतला ९ वॅटचा जुना बल्ब गोठ्यात उघड्या होल्डरला लटकतोय, तो अजून ठणठणीत.

वायरमनचं एकच पालुपद, "एलईडीत असंच असतं, कंपनी बदला." दोन बदलल्या. पडवीतला बल्ब डोंबिवलीला आणून लावला तर गुमान विझला. म्हणजे दोष बल्बात नाही. मला खरी धास्ती अशी की बाबा स्टुलावर चढून बल्ब स्वतःच बदलतात, सांगून ऐकत नाहीत. यात शॉकचा धोका आहे का?

प्रतिसाद

ताई, आधी दोन गोष्टी बघून सांगा. कुठल्या बटणात लाल इंडिकेटर आहे का? आणि पडवीचा दिवा *चालू* असताना त्या बटणाच्या मागच्या स्क्रूंना टेस्टर लावला तर पेटतो का? हे जाणकाराकडून करून घ्या, बाबांना बोर्ड उघडायला लावू नका.

धागाकर्ती

शेजारचा मुलगा आयटीआय झालाय, त्याने बघितलं. जिन्याच्या बटणात लाल ठिपका आहे, पडवीच्या नाही. पडवीच्या बटणाच्या दोन्ही स्क्रूंवर टेस्टर पेटला नाही, आणि दिवा मात्र लखलखत होता.

प्रतिसाद

मग सापडला चोर. पडवीच्या बटणातून फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) नेलाय. बटण बंद केलं की न्यूट्रल तुटतो, फेज होल्डरपर्यंत तसाच उभा. शेजारून जाणाऱ्या वायरी आणि दमट भिंत यांतून जरासा करंट वाट काढतो. तेवढ्याने ६० वॅटच्या बल्बची तार कोमटही झाली नसती, एलईडीला मात्र तो पुरतो. आणि हो, धोका आहेच. बटण बंद असलं तरी होल्डरची पिन जिवंत असते. दुरुस्ती होईपर्यंत मेन स्विच पाडल्याशिवाय बल्बला हात लावायचा नाही, हे बाबांना दरडावून सांगा.

जिन्यातलं निरुपद्रवी आहे. तो लाल ठिपका बल्बमधूनच करंट ओढतो. बल्बच्या आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) थेंबथेंब भरत जातो, भरला की एकदा चमकतो आणि रिकामा होतो. बिनइंडिकेटरचं बटण लावा, भूत जाईल.

न्हाणीघरात बल्ब उकडून मरतोय. एलईडीची उष्णता मानेकडे जाते आणि सगळं सर्किट तिथेच कोंबलेलं असतं. बंद गोलात हवा खेळत नाही, मग कपॅसिटर सुकतो. जळलेला बल्ब हलवून वास घ्या, करपट येईल. गोल काढून बल्ब उघडा ठेवू नका, न्हाणीघरात वाफ असते. बाथरूमसाठी मिळणारं, पाणी न शिरणारं एलईडी फिटिंगच बसवा.

धागाकर्ती

काल त्या मुलाने फेज-न्यूट्रल अदलाबदल केले. वीस मिनिटांचं काम! त्याने घरातली बाकीची बटणंही तपासली, तर गोठ्याचंही उलटंच निघालं. तेही केलं. जिन्याचं बटण बदललं, न्हाणीघराचं फिटिंग रविवारी आणते. वायरमनला फोन केला होता, तो म्हणाला, "बघा, मी म्हटलंच होतं वायरिंग चेक करा." मी काही बोलले नाही.

आता बाबांची तक्रार अशी की पडवीत रात्री चपला सापडत नाहीत. अर्ध्या वॅटचा रात्रदिवा मिळतो ना? पिनेच्या होल्डरला बसणारा कुणी वापरलाय का?