बोर्डिंग, निवासी शाळा आणि वसतिगृह यांत नेमका फरक काय?

प्रश्न (एक पालक, जत):
माझा मुलगा पाचवीत आहे. त्याला बाहेरगावी शिकायला ठेवावे, असे घरात ठरत आहे. नातेवाइकांपैकी कोणी पाचगणी सुचवतात, कोणी पलूसचे नवोदय, तर कोणी साताऱ्यात बोर्डिंगमध्ये ठेवून जवळच्या शाळेत घाला म्हणतात. हे सारे एकच आहे का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, सातारा):
नाही. ज्या शाळेत वर्ग, भोजन, मैदान, संध्याकाळचा अभ्यास आणि रात्रीचा मुक्काम एकाच आवारात व एकाच व्यवस्थापनाखाली असतो, ती निवासी शाळा. पाचगणीतील अनेक शाळा, १९६१ साली सुरू झालेली साताऱ्याची सैनिक शाळा आणि जवाहर नवोदय विद्यालये या प्रकारात मोडतात. मात्र त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवोदयात राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके मोफत असतात, तर पाचगणीतील खासगी शाळांचे शुल्क सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदयची निवड परीक्षा पाचवीत असतानाच, आपल्याच जिल्ह्यातून द्यावी लागते, तेव्हा अर्जाची मुदत आजच पाहावी.

उत्तर २ (माजी विद्यार्थिनी, कराड):
आपल्या भागात जुनी मंडळी बोर्डिंग म्हणतात तेव्हा बहुधा त्यांच्या मनात वसतिगृह असते, म्हणजे मुले राहतात-जेवतात तेथे आणि शिकायला जवळच्या शाळेत जातात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात असेच बोर्डिंग काढले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. खेड्यातल्या गरीब मुलांना शाळेची दारे उघडली ती अशा वसतिगृहांमुळेच, हे आपण विसरता कामा नये.

उत्तर ३ (पालक, विटा):
माझी मुलगी निवासी शाळेत आहे. प्रवेशापूर्वी शाळेत संध्याकाळी जाऊन यावे, असे मी आग्रहाने सांगेन. जेवणाच्या वेळी भोजनगृहात उभे राहावे, मुले ताटात काय टाकून देतात ते पाहावे. रात्री ताप आला तर कोण उठते, हे गृहपालांना थेट विचारावे. वसतिगृह आणि शाळा वेगवेगळ्या संस्थांच्या असतील, तर मूल वर्गात पोहोचले नाही हे दोघांपैकी कोण कळवणार, तेही प्रवेशाआधी लेखी घ्यावे.