पोल्ट्रीजवळच्या आंब्यांवरचं मॉस गेलं, करडं दगडफूल वाढलं. अमोनिया की धूळ?

रानवाट_कन्नड: गौताळा अभयारण्याच्या कडेला पोल्ट्रीची शेडं आहेत. तिथल्या आंब्यांच्या खोडांवरचं मॉस (मऊ हिरवं शेवाळ) तपकिरी पडलंय, पण करड्या, चपट्या दगडफुलाचे (लायकेनचे) गोल ठिपके वाढलेत. दगडफूल म्हणजे शुद्ध हवा ना? मग हे कसं? तपासायचं कसं?

मातीपाणी: किती वाढलं यापेक्षा कोणतं वाढलं ते बघा. कोंबड्यांच्या विष्ठेतून उडणारा अमोनिया म्हणजे नायट्रोजनचंच एक रूप. पायक्सिन, फिसिया ही खोडाला चिकटून वाढणारी करडी दगडफुलं नायट्रोजन पचवतात. दाढीसारख्या लोंबणाऱ्या अस्नियाला आणि बऱ्याच मॉसना तो झेपत नाही. दगडफूल आणि मॉस, दोघांनाही मुळं नाहीत. हवेतून, पावसातून जे येईल ते थेट अंगात शिरतं. अमोनियापासून बनून आत साठलेलं अमोनियम विषारी, ते अमिनो आम्लांत बांधायला साखर खर्ची पडते आणि वाढ खुंटते. शिवाय अमोनियानं सालीची आम्लता कमी होते, मग आम्ल सालीवरच्या जाती हटतात. युरोपात दगडफूल आणि मॉससाठी अमोनियाची मर्यादा वर्षाच्या सरासरीनं घनमीटरला १ मायक्रोग्रॅम धरतात, इतर वनस्पतींसाठी ३.

बालाघाट: आधी मॉस खरंच मेलंय का ते बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात ते वाळून तपकिरी होतंच. पाणी शिंपडा, जिवंत असेल तर थोड्याच वेळात पानं उघडून हिरवी होतात. आणि चुनखडी-सिमेंटची धूळही सालीची आम्लता घटवते, म्हणून रस्त्याकडेची झाडं घेऊ नका.

पावसाळा सरता सरता शेडापासून ५०, २००, ५०० मीटर आणि १ किलोमीटरवर, वाऱ्याच्या एकाच दिशेला, सरळ खोडाचे पाच-पाच आंबे निवडा. जमिनीपासून १ मीटरवर चारही बाजूंना १० बाय ५० सेंटिमीटरची चौकट लावा. तिचे १० सेंटिमीटरचे पाच चौकोन करून कोणती जात किती चौकोनांत आहे ते १० पट भिंगानं मोजा. सालीचा पातळ पापुद्रा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पीएचही (आम्लतेचा आकडा; आम्लता कमी तर पीएच जास्त) घ्या, सगळीकडे तेवढीच साल, तेवढंच पाणी. शेडापासून लांब जाताना पीएच उतरत गेला, मॉस वाढत गेलं आणि वाटेत धुळीचा उगम नसेल, तर बोट अमोनियाकडेच जातं.

रानवाट_कन्नड: आणि शेजारच्या कपाशीचा युरिया?

मातीपाणी: तोही धरा. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत वर फेकलेल्या युरियाचा बराच अमोनिया उडतो. खत कधी पडलं याची नोंद ठेवा. मातीआड केलेल्या किंवा लगेच पाणी दिलेल्या युरियातून तो बराच कमी उडतो.